चार महापौर आणि एक सनद

नगरपालिकेचा कारभार हा राजकारणातील दुय्यम विषय मानण्याची आपल्याला सवय झालेली आहे. राज्यघटना, संसद, पक्षांतरे यांवर गंभीर चर्चा करावयाची आणि गटारे, दिवे, पाणीपट्टी यांविषयी तक्रार करावयाची, अशी ही विभागणी आहे. वस्तुतः सत्ता एका ठिकाणी कशी गोळा होते, तिच्यावरील बंधने एकेक करून कशी सैल होतात आणि अखेरीस त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे एखाद्या लहान नगराच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या राज्याच्या इतिहासात दिसत नाही. मोठ्या राज्यात घटना पुष्कळ, माणसे पुष्कळ आणि सबबीही पुष्कळ असतात. लहान नगरात कोणता ठराव कोणी मांडला, त्याला कोणी मान डोलावली आणि कोणी विरोध केला, हे सभेच्या इतिवृत्तावरून सांगता येते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेले नॉवू हे असे एक नगर होय. आज ते हजारभर वस्तीचे शांत गाव आहे. १८४५ साली मात्र तेथे अकरा हजारांच्या आसपास लोक राहत होते आणि त्या राज्यात शिकागोच्या तोडीचे शहर म्हणून त्याचे नाव घेतले जात होते. या नगराला स्वराज्याची सनद लाभली ती जेमतेम चार वर्षे. एवढ्या अवधीत तीन महापौर झाले. पहिल्याला राजीनामा देऊन गावाबाहेर जावे लागले, दुसरा तुरुंगात जमावाच्या गोळ्यांना बळी पडला आणि तिसऱ्याच्या कारकिर्दीत सनदच रद्द झाली. चौथा निवडून आला तेव्हा त्याच्या पदाला कायद्याचा आधार उरला नव्हता. हे असे का घडले, याचे उत्तर केवळ व्यक्तींच्या गुणदोषांत शोधून चालणार नाही.

निर्वासितांचे नगर

मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संप्रदायाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात केली. पुढे हा समाज ओहायोत आणि तेथून मिझुरीत गेला. मिझुरीतील जुन्या वसाहतवाल्यांशी त्यांचे पटले नाही. जमिनी, निवडणुकीतील एकगठ्ठा मते आणि धर्म या तिन्हींवरून तंटे वाढत गेले. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी त्या राज्याचे राज्यपाल लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना शत्रू समजून त्यांचा नायनाट करावा अथवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे, असा लेखी हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथील वस्तीवर सशस्त्र टोळीने हल्ला करून सतरा जणांना ठार मारले. हा हुकूम औपचारिकपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडावे लागले, यावरून अशा जखमा किती काळ उघड्या राहतात हे लक्षात येईल.

१८३८-३९ च्या हिवाळ्यात हजारो माणसे घरेदारे सोडून मिसिसिपीपलीकडे इलिनॉयमध्ये आली. क्विन्सी या गावच्या नागरिकांनी त्यांना माणुसकीने आश्रय दिला. नंतर नदीकाठची कॉमर्स नावाची ओसाड वस्ती विकत घेऊन तेथे नवे नगर उभारण्यास त्यांनी प्रारंभ केला आणि हिब्रू भाषेतील सौंदर्यवाचक शब्दावरून त्याला नॉवू हे नाव दिले. जागा दलदलीची होती आणि हिवतापाने पहिल्याच वर्षी अनेकांचे बळी घेतले. तरीही चर खणले गेले, दलदल उपसली गेली, रस्ते आखले गेले, विटांची घरे उभी राहिली. या लोकांच्या मनात एक प्रश्न कायम होता. मिझुरीत न्यायाधीश, पोलीस, लष्करी पथके आणि राज्यपाल हे सारेच आपल्याविरुद्ध गेले; पुन्हा तसे होऊ नये यासाठी काय करावे? त्याचे उत्तर त्यांना नगराच्या सनदेत सापडले. न्यायालय आपले असावे, सेना आपली असावी, कायदा करणारी सभा आपली असावी, असे त्यांना वाटले. हे वाटणे अस्वाभाविक होते, असे कोणीही म्हणणार नाही.

सनदेतील कलमे

इलिनॉयच्या विधिमंडळाने ही सनद डिसेंबर १८४० मध्ये फारशी चर्चा न करता संमत केली. व्हिग आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांना मॉर्मनांची मते हवी होती. त्यामुळे कलमे बारकाईने वाचण्याची निकड कोणालाच भासली नाही. त्या सभागृहात अब्राहम लिंकन हे तरुण सदस्य होते. त्यांनी आपले अभिनंदन केल्याचे सनदेसाठी खटपट करणारे जॉन बेनेट यांनी लिहून ठेवले आहे.

सनदेनुसार एक महापौर, चार आल्डरमन आणि नऊ सभासद मिळून नगरसभा व्हावयाची होती. संघराज्याच्या व इलिनॉयच्या राज्यघटनेशी विसंगत नसतील असे पोटनियम करण्याचा तिला अधिकार होता. महापौर आणि आल्डरमन यांचेच नगर न्यायालय बनत होते व महापौर त्याचा मुख्य न्यायाधीश होता. नगराच्या पोटनियमांखाली उद्भवणाऱ्या प्रकरणांत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायासनासमोर हजर करण्याचा हुकूम काढण्याची मुभा या न्यायालयाला होती. शिवाय नगराचे स्वतःचे विद्यापीठ आणि नॉवू लीजन नावाची स्वतःची सेना यांचीही त्यात तरतूद होती.

पुढे या सनदेला जगावेगळी, राक्षसी सनद म्हटले गेले. परंतु तिची बहुतेक कलमे स्प्रिंगफील्डसारख्या त्याच राज्यातील इतर शहरांच्या सनदांवरून घेतलेली होती आणि नगर न्यायालये शिकागो व ऑल्टन या शहरांनाही मिळाली होती. मग तीच कलमे तेथे निरुपद्रवी ठरली आणि नॉवूमध्ये स्फोटक का बनली? तेथे व्यापारी, वकील, निरनिराळ्या पंथांचे अनुयायी आणि दोन पक्ष परस्परांवर नजर ठेवून होते. महापौराने मर्यादा ओलांडली तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडणारे लोक गावातच होते. नॉवूमध्ये मतदार, सभासद, आल्डरमन, न्यायाधीश आणि सेनाधिकारी हे बहुतांशी एकाच श्रद्धेचे आणि एकाच नेत्याला ईश्वराचा प्रेषित मानणारे होते. जे अंकुश कायद्याने लिहिलेले नसतात, समाजाच्या विविधतेतून आपोआप निर्माण होतात, ते तेथे नव्हते. आणि सनद लिहिणाऱ्यांनी त्यांची उणीव कायद्याने भरून काढली नव्हती.

पहिला महापौर

१ फेब्रुवारी १८४१ रोजी झालेल्या पहिल्या निवडणुकीत जॉन बेनेट महापौर झाले. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने खटपटी होते. नॉवूत येऊन त्यांना पाच-सहा महिनेच झाले होते. तेवढ्यात ते महापौर, विद्यापीठाचे कुलपती, सेनेचे मेजर जनरल आणि लवकरच स्मिथ यांचे धार्मिक कारभारातील सहायक झाले. ज्या समाजाला बाहेरच्या जगात बोलणारा माणूस हवा असतो, तो समाज असा बोलका माणूस भेटताच त्याची फारशी चौकशी करीत नाही.

आरंभीचा कारभार मात्र नाव ठेवण्याजोगा नव्हता. सभेने मद्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, नगराचे चार प्रभाग पाडले आणि १ मार्च १८४१ रोजी धर्मस्वातंत्र्याचा एक पोटनियम केला. कॅथलिक, मेथॉडिस्ट, क्वेकर आदी ख्रिस्ती पंथांबरोबरच मुसलमानांचाही त्यात नावानिशी उल्लेख करून सर्वांना समान संरक्षण दिले होते आणि कोणाच्याही उपासनेत व्यत्यय आणणाऱ्यास दंड व कैद सांगितली होती. छळ सोसलेल्या माणसांनी केलेला हा कायदा आहे, हे वाचताच जाणवते. पहिल्या चार आल्डरमनांत डॅनियल वेल्स हे मॉर्मन नसलेले गृहस्थ होते, हीही नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

१८४२ च्या वसंतात बेनेट यांच्या अनैतिक वर्तनाची प्रकरणे बाहेर आली. १७ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी नगरसभेने जोसेफ स्मिथ यांना महापौर निवडले. बेनेट यांनी गाव सोडले आणि वृत्तपत्रांतून व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून स्मिथ यांच्यावर आरोपांची झोड उठविली. नेतृत्वबदलाचा हा प्रसंग वरवर साधा दिसतो. एक बदनाम अधिकारी गेला आणि लोकांचा विश्वास असलेला पुरुष आला. पण या बदलाने नगराच्या रचनेतील शेवटची फट बुजली.

सर्व शिक्के एका हाती

स्मिथ आता संप्रदायाचे प्रमुख, त्याच्या मालमत्तेचे विश्वस्त, सेनेचे लेफ्टनंट जनरल, महापौर आणि नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जानेवारी १८४४ मध्ये ते अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवारही झाले. १८४३ च्या निवडणुकीत ते एकमताने महापौर झाले होते. एकमत हा लोकप्रियतेचा पुरावा असतो. त्याचबरोबर, चुकत असल्यास थांबविणारा कोणी उरलेला नाही, याचीही ती खूण असते.

मे १८४२ मध्ये मिझुरीत माजी राज्यपाल बॉग्ज यांच्यावर अज्ञात इसमाने गोळ्या झाडल्या. ते बचावले. कटाचा संशय स्मिथ यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांना मिझुरीच्या स्वाधीन करावे अशी मागणी झाली. मिझुरीत आपला जीव सुरक्षित नाही, ही स्मिथ यांची भीती खोटी नव्हती. ऑगस्टमध्ये अटक होताच नगर न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला आणि त्याच सुमारास नगरसभेने पोटनियम करून या न्यायालयाची कक्षा वाढविली. पोटनियमांखालील प्रकरणांपुरता असलेला अधिकार आता राज्याबाहेरच्या वॉरंटांनाही लागू होऊ लागला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जानेवारी १८४३ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील संघीय न्यायाधीश नॅथॅनियल पोप यांनी रीतसर सुनावणी घेऊन स्मिथ यांची मुक्तता केली. म्हणजे बाहेरच्या न्यायालयात त्यांना न्याय मिळू शकत होता आणि मिळालाही. तथापि त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा अटक झाली तेव्हा त्यांना सोडविले ते नॉवूच्याच न्यायालयाने. आपल्या मुख्य न्यायाधीशाची सुटका त्याच्याच सहकाऱ्यांनी करावी, हे दृश्य शेजारच्या गावांना सहन होईना.

डिसेंबर १८४३ मध्ये तर सभेचे भानच सुटले. मिझुरीच्या जुन्या आरोपांवरून स्मिथ यांना पकडण्यास जो येईल त्याला जन्मठेप द्यावी आणि राज्यपालांनाही महापौराच्या संमतीवाचून त्याला माफी देता येऊ नये, असा पोटनियम संमत झाला. काही आठवड्यांनी तो मागे घ्यावा लागला. नगर हा स्वतंत्र संघीय प्रदेश मानावा, असा अर्जही त्याच महिन्यात काँग्रेसकडे करण्याचे ठरले. आणि ज्या सभेने आरंभीच मद्यविक्रीला आळा घातला होता तिनेच, महापौरांनी आपल्या घरी येणाऱ्या प्रवाशांना स्वतःच्या विवेकानुसार मद्य विकावे, अशी परवानगी दिली. जन्मठेपेच्या नियमापुढे ही बाब क्षुल्लक वाटेल. पण नियम सर्वांसाठी आणि सवलत एकासाठी, ही वृत्ती एकदा रुजली की ती मद्याच्या परवान्यापाशी थांबत नाही.

छापखान्याचा निर्णय

७ जून १८४४ रोजी ‘नॉवू एक्स्पॉझिटर’ या वृत्तपत्राचा पहिला आणि अखेरचा अंक निघाला. ते काढणारे विल्यम लॉ व त्यांचे सहकारी हे कालपर्यंत स्मिथ यांचेच निकटवर्ती होते. गुप्तपणे चालणारे बहुपत्नीत्व आणि धर्म व राज्य यांची एका हाती झालेली सांगड, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. नगराची सनद बिनशर्त रद्द करावी, अशीही त्यांची उघड मागणी होती.

नगरसभा ८ आणि १० जून रोजी बसली. वृत्तपत्र हा सार्वजनिक उपद्रव आहे, असे तिने ठरविले. त्यासाठी ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताच्या ग्रंथाचा आधार घेतला गेला. मॉर्मन नसलेल्या बेंजामिन वॉरिंग्टन या एकाच सभासदाने विरोधी सूर काढला. काही दिवसांची मुदत द्यावी आणि बदनामीबद्दल तीन हजार डॉलर दंड ठेवावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. त्याच संध्याकाळी महापौरांच्या हुकमावरून मार्शलने छापखाना मोडला, खिळे रस्त्यावर विखुरले आणि अंक जाळले.

हे कृत्य त्या काळच्या कायद्यात बसत होते काय, याची चिकित्सा डॅलिन ओक्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९६५ साली केली. पुढे हेच गृहस्थ त्या संप्रदायाच्या सर्वोच्च नेतृत्वात पोचले. उपद्रवकारक अंक नष्ट करण्यास त्या काळी काही आधार सापडू शकतो, पण छापखाना मोडण्यास आधार नव्हता, असा त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. कायद्याचा हा काथ्याकूट आवश्यक असला तरी मूळ दोष त्याच्याही आधीचा आहे. ज्या सभेची सनद रद्द करण्याची मागणी झाली होती तीच सभा फिर्यादी झाली, तीच न्यायाधीश झाली आणि तिच्याच अधिकाऱ्याने शिक्षा अमलात आणली. आरोपी पक्षाला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही. वॉरिंग्टन यांनी सुचविलेली मुदत दिली असती तर कदाचित रागाचा भर ओसरला असता आणि प्रकरण बदनामीच्या खटल्यावर निभावले असते.

पुढील घटनाक्रम वेगाने घडला. दंग्याच्या आरोपावरून निघालेल्या वॉरंटातून नगर न्यायालयाने स्मिथ यांना पुन्हा सोडविले. १८ जूनला त्यांनी नगरात लष्करी अंमल जाहीर केला. राज्यपाल थॉमस फोर्ड यांनी संरक्षणाची हमी देताच स्मिथ कार्थेज येथे स्वाधीन झाले. तेथे लष्करी अंमलाबद्दल राज्यद्रोहाचा आरोप ठेवून त्यांना व बंधू हायरम यांना तुरुंगात टाकण्यात आले. २७ जून १८४४ रोजी तोंडे काळी केलेल्या जमावाने तुरुंगात घुसून दोघांना गोळ्या घातल्या. पुढल्या वर्षी पाच जणांवर खटला चालला आणि पाचही निर्दोष सुटले. छापखान्यावरील अन्यायाचा डंका पिटणाऱ्या जिल्ह्याला या खुनांबद्दल एकही अपराधी सापडला नाही.

सनद गेल्यानंतर

संप्रदायाचे नेतृत्व कोणाकडे जावे याचा निकाल ८ ऑगस्ट १८४४ रोजी एका मोठ्या सभेत लागला. सिडनी रिग्डन यांचा दावा मागे पडून ब्रिगम यंग यांच्या अध्यक्षतेखालील बारा प्रेषितांच्या मंडळाकडे सूत्रे गेली. महापौरपदी त्याच महिन्यात डॅनियल स्पेन्सर आले. आता या पदात पूर्वीचा जोर नव्हता. खरा नेता दुसरीकडे होता आणि महापौर हा नगराचा कारभारी होता. असे विभाजन दोन वर्षे आधी झाले असते तर काय घडले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण विधिमंडळ आता थांबावयास तयार नव्हते. फोर्ड यांनी १८४२ साली पद स्वीकारतानाच सनदेत दुरुस्तीची गरज सांगितली होती. तेव्हा मतांच्या हिशेबामुळे काही झाले नाही. जानेवारी १८४५ च्या अखेरीस मात्र सनद पूर्णपणे रद्द करण्यात आली. न्यायालयाची कक्षा आवळावी, सेना राज्याच्या हुकमतीखाली आणावी आणि नगराचे रोजचे शासन चालू ठेवावे, हा मधला मार्ग उपलब्ध होता. तो घेतला गेला नाही. फेब्रुवारीत ठरल्याप्रमाणे निवडणूक होऊन डॅनियल यांचे बंधू ऑर्सन स्पेन्सर महापौर झाले, परंतु ते केवळ नावाचे.

अकरा हजारांच्या या वस्तीला आता पोलीस नव्हते, न्यायालय नव्हते आणि पोटनियमांना बळ नव्हते. गावात येणाऱ्या संशयित परक्यांभोवती पोरांची टोळकी जमत. हातात चाकू घेऊन काठ्या तासत आणि शिट्या वाजवीत ती पाहुण्याची पाठ सोडत नसत. तो कंटाळून निघून जाई. ही हकीकत आज गमतीची वाटते. पण ज्या नगरातून कायदा काढून घेतला जातो तेथे त्याची जागा अशाच गोष्टी घेतात. एप्रिलमध्ये सर्वसाधारण कायद्याखाली एक चौरस मैलापुरते लहानसे ‘टाउन’ स्थापन करून थोडी सोय करण्यात आली. सप्टेंबरात आसपासच्या मॉर्मन वस्त्यांतील घरे जाळली जाऊ लागली. अखेर गाव सोडण्याचे मान्य करावे लागले आणि ४ फेब्रुवारी १८४६ रोजी पहिल्या गाड्या नदी ओलांडून पश्चिमेकडे निघाल्या.

पश्चिमेकडील दुसरा प्रयोग

१८४७ साली हा समाज सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. आरंभी तेथे धर्ममंडळानेच दिवाणी कारभार पाहिला. जानेवारी १८५१ मध्ये नगराची रीतसर स्थापना झाली आणि जेडेडाया ग्रँट पहिले महापौर झाले. यंग यांनी महापौरपद स्वतःकडे घेतले नाही. मात्र त्यांचे जवळचे सहकारीच त्या पदावर येत राहिले. नॉवूचे पहिले आल्डरमन डॅनियल वेल्स १८४६ साली संप्रदायात दाखल झाले होते. १८६६ ते १८७६ या काळात ते सॉल्ट लेकचे महापौर होते आणि त्याच वेळी संप्रदायाच्या अध्यक्षमंडळातही होते. मॉर्मन नसलेला पहिला महापौर, जॉर्ज स्कॉट, निवडून आला तो १८९० मध्ये, म्हणजे नगर स्थापन झाल्यावर तब्बल एकोणचाळीस वर्षांनी. त्याच्या पुढच्याच वर्षी संप्रदायाचा स्थानिक पक्ष विसर्जित झाला आणि मतदार राष्ट्रीय पक्षांत विभागले गेले. नॉवूमध्ये जे रक्तपातावाचून घडू शकले नाही ते येथे मतपेटीने घडविले. मात्र त्याला पुरी दोन पिढ्यांची कटुता आणि संघराज्याचे कठोर कायदे खर्ची पडले.

नॉवूची कथा सांगताना एक पक्ष स्मिथ यांच्या महत्त्वाकांक्षेकडे बोट दाखवितो आणि दुसरा जमावाच्या क्रौर्याकडे. दोन्ही गोष्टी पुराव्याने सिद्ध आहेत. परंतु त्या दोहोंच्या मध्ये इलिनॉयचे विधिमंडळ उभे आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मतांच्या लोभाने त्याने सनद न वाचता दिली आणि मतांच्याच भीतीने ती न तपासता काढून घेतली. देताना अंकुश ठेवले नाहीत, काढताना नागरिकांचे काय होईल याचा विचार केला नाही. स्थानिक स्वराज्य ही कृपेने द्यावयाची आणि रागाने हिरावून घ्यावयाची वस्तू समजली गेली, म्हणजे सत्ता बळकावणारे आणि सत्ता मोडणारे दोघेही सारखेच निर्धास्त होतात.

छळ सोसलेल्या समाजाला संरक्षण हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला हक्कच आहे. मात्र ते संरक्षण एका माणसाच्या हाती सोपविले की त्या माणसाची चूक ही साऱ्या समाजाची चूक ठरते आणि त्याची शिक्षाही साऱ्या समाजाला भोगावी लागते. नॉवूच्या नगरसभेत १० जून १८४४ रोजी वॉरिंग्टन यांच्यासारखे आणखी चार-पाच सभासद असते, तर ते स्मिथ यांचे शत्रू ठरले असते काय? इतिहासाकडे पाहता असे वाटते की, त्या दिवशी त्यांच्या जीविताचे खरे रक्षण तेच करू शकले असते.